कायगावच्या दरडीत

सकाळी ६:००. गंगापूर तालुक्यातलं कायगाव. मे महिना. जायकवाडीचं पाणी मागे सरलंय, एरवी बुडालेली दरड उघडी पडलीय. पुण्याहून आलेल्या जीवाश्म-संशोधक मॅडम पिशवी तपासतात. हातोडा, छिन्नी, दोन ब्रश, दातांच्या डॉक्टरकडची टोकदार सळई, प्लास्टर ऑफ पॅरिस. गोणपाट किराणा दुकानातून, नग १५ रुपये. सोबतीला गावातले मामा. रोज ५०० रुपये.

६:४५. चालणं. मान खाली. दरडीच्या तळाशी गोट्यांचा थर, चुनखडीनं घट्ट झालेला. हाडं मिळाली तर त्यातच. मामा एक हाडूक उचलून देतात. मॅडम ते जिभेला लावतात. ताजं हाड चिकटत नाही. जुनं, सच्छिद्र झालेलं चिकटतं. "म्हशीचं आहे मामा, परवा-तेरवाचं." असं आठ-दहा वेळा होतं. मला सगळी हाडं सारखीच दिसतात.

९:३०. भाकरी, ठेचा. मॅडम सांगतात: पैठणसमोरच्या मुंगीजवळ १८६५ मध्ये विन या भूशास्त्रज्ञाला अकीकाचं दगडी हत्यार मिळालं. नदीच्या वरच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वरला हत्तीची कवटी निघाली. पिल्ग्रिमनं १९०५ मध्ये तिच्यावर लिहिलं. पलीकडे नेवाशाजवळ चिरकीला गुडरुन कॉर्व्हिनस या जर्मन बाईंनी १९६६ पासून उत्खनन केलं.

"तवा रोज किती देत व्हते?" मामा विचारतात. मॅडमना माहीत नाही.

१०:४०. थरातून दाढ डोकावते. मागे जबड्याचा तुकडा. लगेच काढायचं नाही. आधी फोटो, पट्टी ठेवून. मग जीपीएस, थराची उंची, वहीत चित्र. मग सळईनं कणकण माती. दोन तास उकिडवं बसून. रानबैल की रानम्हैस, ते पुण्यात ठरेल.

१:००. ऊन डोक्यावर. ओला कागद, त्यावर प्लास्टरात बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मामा पाण्याची बादली घेऊन तीनदा दरड चढतात.

३:३०. एक मासेमार मोठं हाड आणतो. खरंच जुनं, दगडासारखं जड. शंभर रुपये मागतो. "कुठं सापडलं?" तो हात हलवून सगळी नदी दाखवतो. मॅडम परत देतात.

४:१५. तळचे गोटे चाळणीत घालून पाण्यात हलवायचे. उंदराचा एखादा दात मिळावा म्हणून. निघतात गोगलगायींचे शंख.

६:१०. हिशेब. मामा ५००, चहा ४०, गोणपाट ६०. रिक्षावाला प्लास्टरच्या गाठोड्याचे वेगळे ५० मागतो.

"उद्या येऊ का?"

"टरबुजांना पाणी देऊन या, मामा. सातला चालेल."