सॅक आधी कुठून जाते?

रोजच्या वापरातली सॅक कापड फाटून निकामी झाली, असे क्वचितच घडते. आधी चेन उघडी पडते, किंवा खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून उसवतो, किंवा आतला लेप सुटून त्याचे पापुद्रे वह्या-पुस्तकांना चिकटू लागतात. कापड तेव्हाही बरेचसे धड असते. म्हणून नवी सॅक घेताना रंग आणि खिशांची संख्या पाहण्याआधी ती कुठून जाईल, याचा अंदाज घ्यावा लागतो. हा अंदाज दुकानातच, पाच मिनिटांत घेता येतो.

कापडाचा आकडा लेबलवर असतो: 600डी, 900डी वगैरे. ‘डी’ म्हणजे डेनिअर, 9,000 मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. बाजारातल्या साध्या सॅकमध्ये 600 डेनिअरचे पॉलिएस्टर सर्रास दिसते आणि ऑफिस-कॉलेजच्या कामाला ते पुरते. मात्र नुसत्या आकड्यावर भाळण्यात अर्थ नाही. नायलॉन घासले जाण्याला पॉलिएस्टरपेक्षा चांगले तोंड देते, त्यामुळे 500 डेनिअरचे उत्तम नायलॉन 600 डेनिअरच्या पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकू शकते. कॉर्ड्युरा या नावाने विकले जाणारे कापड याच कारणासाठी नावाजले गेले. उन्हात चित्र उलटे होते. तिथे पॉलिएस्टर जास्त तग धरते आणि त्याचा रंगही उशिरा उडतो. रिपस्टॉप कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे पडलेले भोक वाढत जात नाही. रेक्झीनची सॅक पहिल्या वर्षी सर्वांत देखणी दिसते, पण घड्यांवर तिचा वरचा थर तडकू लागला की त्यावर इलाज नसतो.

कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी बहुधा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. दमट हवेत हा लेप हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग सोलला जातो. मुंबई-कोकणात, गोव्यात न वापरलेली सॅकही कपाटात पडून खराब होते ती यामुळेच. ओली सॅक घडी घालून ठेवणे हा तिचे आयुष्य घटवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ती कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत, चेन उघड्या ठेवून वाळवावी. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही फार विसंबू नये. कापडातून पाणी शिरले नाही, तरी सुईच्या भोकांतून आणि चेनमधून ते शिरतेच. जुलैच्या पावसात लॅपटॉप न्यायचा असेल, तर वरून रेनकव्हर आणि आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

खरी परीक्षा चेनची. चेनचा आकार 3, 5, 8, 10 अशा क्रमांकांनी सांगतात. हा क्रमांक म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 क्रमांकाची चेन असावी, 5 ची बाहेरच्या खिशांना ठीक. स्वस्त सॅकमध्ये सगळीकडे 5 ची चेन लावून पैसे वाचवलेले असतात, आणि ठासून भरलेली सॅक रोज ओढून बंद करताना हीच बचत अंगाशी येते. कॉइलची चेन, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्यांची, वळणावर सहज वळते आणि एखादा दात सटकला तरी पुन्हा बसते. सुट्या प्लॅस्टिक दातांची चेन दणकट दिसते, पण तिचा एक दात तुटला तर सगळी चेन बदलावी लागते. तादाओ योशिदा यांनी 1934 मध्ये टोकियोत सुरू केलेल्या वायकेके कंपनीचे नाव अनेक रनरवर कोरलेले आढळते. हे नाव चांगली खूण असली, तरी त्याची नक्कलही भरपूर होते. त्यामुळे रनर दोन-तीनदा कोपऱ्यांवरून फिरवून पाहणे हा जास्त भरवशाचा उपाय.

चेन बंद केल्यावर मागून उघडते तेव्हा दोष बहुतेक वेळा दातांचा नसून रनरचा असतो. वापरून रनरचे तोंड सैल पडते आणि दात एकमेकांत बसत नाहीत. पकडीने रनरच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या तर काही महिने निभतात. रनरच बदलला तर सॅकला नवे आयुष्य मिळते, आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराकडे हे काम थोडक्यात होते. चेन नेहमीच्या मापाची असेल तरच, हे मात्र लक्षात ठेवावे. काही महागड्या सॅकना लावलेल्या खास आकाराच्या चेनसाठी गल्लीतल्या कारागिराकडे रनर सापडत नाही.

शिवण पाहायची तर सॅक आतून उलटी करावी. कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या हव्यात. उघड्या कडांचे धागे सुटत जातात आणि एक दिवस शिवणच निसटते. खांद्याचे पट्टे आणि वरची मूठ जिथे जोडलेली असते, तिथे दाट, आडवे टाके किंवा चौकोनात फुलीची शिवण असावी. लोकलच्या गर्दीत सॅक पोटाशी घेऊन उभे राहणाऱ्याच्या पट्ट्याला दोन्हीकडून ओढ बसते, आणि ती सगळी या दोन-तीन इंचांच्या शिवणीवर येते. दुकानदाराला चालेल इतपत पट्टा जोरात ओढून पाहण्यात संकोच करू नये.

आकाराबाबत थोडक्यात. रोजच्या कामाला 20 ते 25 लिटरची सॅक पुरते. त्याहून मोठी घेतली की रिकामी जागा भरण्याचा मोह होतो. जड वस्तू पाठीलगत बसाव्यात, आणि लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापर्यंत न पोहोचता थोडा वर संपणारा असावा, म्हणजे सॅक फरशीवर टेकवताना यंत्राला धक्का बसत नाही. शाळकरी मुलांसाठी केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे सांगितले आहे. 25 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलोची झाली. त्यातला किलोभर रिकाम्या दप्तरानेच खाल्ला, तर कापडाची मजबुती काय कामाची?

देखणेपणाला टिकाऊपणाशी वैर नाही. गडद निळा, करडा, ऑलिव्ह असे रंग आणि साधा आकार दरवर्षी बदलणाऱ्या फॅशनबरोबर जुने होत नाहीत. अस्तर मात्र फिकट रंगाचे असावे. काळ्या अस्तरात पेन, किल्ली, इअरफोन शोधताना सॅक रिकामी करावी लागते.

घरातल्या इतर खरेदीलाही हीच कसोटी लागू पडते: वस्तूचा कोणता भाग आधी झिजेल, आणि तो सुटा मिळेल का? मिक्सरची मोटर सहसा जळत नाही. कार्बन ब्रश, कपलर आणि भांड्याचा बुश झिजतात. ज्या कंपनीचा कपलर गावातल्या दुकानात मिळत नाही, तिचा मिक्सर कितीही आकर्षक असला तरी तो न घेतलेला बरा. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस 2347 हा क्रमांक पाहावा, आणि त्याची गॅस्केट व सेफ्टी व्हॉल्व्ह सहज मिळतात की नाही, हे दुकानातच विचारावे.

पंख्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा 30 वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिटची बचत होते. पण साध्या पंख्याचा कपॅसिटर शेजारचा इलेक्ट्रिशियन बदलतो, आणि बीएलडीसीचे सर्किट गेले तर कंपनीकडेच जावे लागते. दिवसरात्र चालणाऱ्या खोलीत बीएलडीसी घ्यावा. वर्षातून आठ दिवस वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत त्याची गरज नाही.

वॉरंटी बहुतेक वेळा कारखान्यातल्या दोषापुरती असते, झिजेसाठी नसते, त्यामुळे तिच्या वर्षांवरून टिकाऊपणा ठरवता येत नाही. दोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. त्यासाठी बिल हवे. थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरे काही महिन्यांत उडतात, तेव्हा घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवावा.