फॉग लाइट लावण्याआधी

खडकवासल्याची चौपाटी मागे पडली की डोणज्याच्या दिशेने दुकानांचा उजेड संपतो आणि बाइकचा मूळ हेडलाइट अपुरा वाटू लागतो. ही तक्रार अगदी खरी आहे. मग पुण्याच्या नाना पेठेतून एलईडी फॉग लाइटची जोडी येते, लेगगार्डला लागते, आणि तिच्यासोबत काही घातक समजुतीही येतात.

सर्वांत वाईट समजूत ही की लाइट थोडे वर केले म्हणजे लांबचं दिसतं. आपल्याला दिसतं, पण समोरच्याला काहीच दिसत नाही. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. डोळे दिपलेला माणूस दोन सेकंद अंदाजाने गाडी हाकतो, तेवढ्यात 22 मीटर कापतो. सिंहगडाच्या घाटात एवढ्या अंतरात तो आपल्याच अंगावर येऊ शकतो. शिवाय वळणाच्या पलीकडचं दाखवायला हे लाइट उपयोगाचे नाहीत. झोत सरळ दरीवर जातो आणि रस्ता वळून गेलेला असतो.

'जेवढा उजेड जास्त तेवढं बरं' हेही खरं नाही. चाकापुढची जमीन झगझगीत झाली की डोळ्याची बाहुली आकसते आणि पुढे अंधारात उभी असलेली म्हैस दिसेनाशी होते. खोक्यावरचा लुमेनचा आकडा एकूण उजेड सांगतो, तो कुठे पडतो हे सांगत नाही. त्याच खोक्यावरचा 6000 केल्विन हा तर रंगाचा आकडा.

थंडीत पहाटे खडकवासला धरणाकाठी धुकं असतं, म्हणून पिवळे लाइट घेतले जातात. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोगी पडतो तो खाली बसवलेल्या लाइटचा रुंद, वरून सपाट कापलेला झोत.

वायरिंगबाबत 'हेडलाइटच्या वायरला जोड मारला की झालं' असं सर्रास सांगतात. 20 वॅटचे दोन लाइट 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर ओढतात. हा भार मूळ स्विच आणि बारीक वायरवर टाकू नये. बॅटरीवरून वेगळी लाइन काढून रिले लावावा. फ्यूज असतो वायर पेटू नये म्हणून, तेव्हा तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

'सगळेच लावतात, म्हणजे चालतं' असंही नाही. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोरचा झोत कायम खाली झुकलेला किंवा चालकाला खाली झुकवता येणारा हवा. आठ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, दिपता कामा नयेत. पुढे स्पॉटलाइट लावायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते, तीही अपवादानेच मिळते. परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेले मान्यताप्राप्त लाइट आहेत का, हे आधी विचारावं.

लाइट लावलेच तर सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करावी आणि लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. झोताची वरची कड त्या रेघेच्या किमान आठ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. हे मागे माणूस बसवूनच तपासायचं, कारण डबलसीट झाली की मागचे शॉकअप दबतात आणि झोत वर उठतो. लाइटला वेगळा स्विचही हवा, हँडलवर अंगठा पोचेल असा, म्हणजे समोरून गाडी दिसताच ते बंद करता येतात.