शेवटचा अंक कुठे हरवतो?

जावास्क्रिप्टला २००००००००००००१ ही सोळाच्या पायावरची संख्या देऊन तिचं दशमान रूप मागा. खरं उत्तर ९००७१९९२५४७४०९९३. पडद्यावर मात्र शेवटी ९९२ येतं, आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. घातक आहे ते हेच. साधी संख्या तिथे ६४ बिटांत साठवतात, पण अचूकता ५३ बिटांपुरतीच. त्यापुढे जवळची संख्या धरली जाते. म्हणूनच ट्विटरने २०१० साली ट्विटचे क्रमांक मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली.

अचूक उत्तर हवं असेल तर जुन्या ब्राउझरवर हाताने गणित करा: आधीच्या उत्तराला सोळाने गुणा, पुढचा अंक मिळवा, उत्तराचे दशमान अंक सुट्या खणांत ठेवून हातचा पुढे न्या. नव्या ब्राउझरवर मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट हा प्रकार आहे; तो २०२० मध्ये प्रमाणित झाला. त्याला मजकूरच द्या, आधी साधी संख्या करून नव्हे.