शिक्षकांची संस्था कशानें टिकते?

शाळा म्हटली म्हणजे इमारत, बाकें आणि घंटा हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु शाळेचा खरा आधार म्हणजे तिचा शिक्षकवर्ग होय. उत्साही तरुण शिक्षक यावे आणि कामांत मुरण्यापूर्वींच निघून जावे, असें वारंवार घडूं लागलें म्हणजे त्याचें नुकसान विद्यार्थ्यांस सोसावें लागतें. म्हणून शिक्षकांनीं चालविलेल्या प्रत्येक संस्थेपुढें दोन प्रश्न असतात: नवा सभासद मिळवावा कसा, आणि मिळाल्यावर तो टिकवावा कसा? यांचा विचार करण्यास पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आरंभींचा इतिहास फार बोधप्रद आहे.

इ. स. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं टिळक व नामजोशी यांच्या साहाय्यानें न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हे लवकरच त्यांस येऊन मिळाले. १८८२ सालीं चिपळूणकर वारले, तरी शाळा बंद पडली नाहीं. १८८४ च्या आक्टोबरांत सोसायटीची रीतसर स्थापना झाली व पुढील जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. या संस्थेचें वैशिष्ट्य असें कीं, ती चालविणारे आणि तींत शिकविणारे एकच होते. त्यांस आजीव सभासद म्हणत. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें वचन त्यांस द्यावें लागे.

परंतु वचनानें माणूस बांधला गेला तरी मनें जुळतातच असें नाहीं. सभासदांनीं बाहेरचीं कामें पत्करावीं काय, बाहेरची मिळकत घ्यावी काय, वेतन वाढवावें काय, अशा प्रश्नांवर तीव्र मतभेद झाले. सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेसच द्यावा, असें टिळकांचें मत होतें. इतरांस तें मान्य नव्हतें. १८९० मध्यें गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारलें, तेंहि वादाचें एक निमित्त झालें. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टिळकांनीं राजीनामा दिला व संस्था एका संस्थापकास व गणिताच्या नामांकित अध्यापकास मुकली. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं. मात्र त्यागाचा अर्थ प्रत्येकानें निराळा लावला होता. यावरून पहिला धडा असा मिळतो कीं, नव्या सभासदाकडून काय अपेक्षित आहे, तें प्रवेशाच्या वेळींच स्पष्ट सांगितलें पाहिजे.

दुसरा धडा गोखल्यांच्याच चरित्रांत आहे. १८८५ सालीं ते न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले, तेव्हां त्यांस एकोणिसावें वर्ष चालू होतें. गणित, इंग्रजी, इतिहास, जो विषय वाट्यास येई तो त्यांनीं शिकविला. १८८८ मध्यें आगरकरांनीं 'सुधारक' पत्र काढलें, तेव्हां त्याची इंग्रजी बाजू त्यांनीं या तरुण सहकाऱ्याकडे सोपविली. वडील मंडळी नुसता उपदेश करीत नसत. विश्वासानें काम देत. गोखल्यांनीं आपली मुदत पुरी केली व १९०२ मध्यें ते निवृत्त झाले.

असा टिकलेला सभासद दुसऱ्यांसहि घेऊन येतो. टिळकांची जागा रिकामी होतांच गोखल्यांनीं आपले कॉलेजांतील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांस मुंबईहून बोलाविलें. कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे याच कॉलेजचे विद्यार्थी. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिल्या स्थानाचा मान त्यांस दुसऱ्या एकासह विभागून मिळाला. अशा विद्वानास मोठ्या पगाराची जागा दुर्लभ नव्हती. तरी ते याच संस्थेंत परत आले व १९०२ मध्यें प्राचार्य झाले.

पुढें १९०५ मध्यें गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. ती शिक्षकांची संस्था नव्हती. पण तींत नव्या सभासदानें पहिलीं पांच वर्षें वडिलांच्या मार्गदर्शनाखालीं काढावीं, असा नियम त्यांनीं घातला. पुण्यांत जें सहवासानें घडलें, तें येथें नियमानें घडावें अशी ही योजना दिसते.

सारांश, स्पष्ट अटी, वडील सहकाऱ्याची सोबत आणि विश्वासानें दिलेलें काम या तीन गोष्टींनीं सभासद टिकतो. केवळ पगारानें तो टिकत नाहीं; तथापि पोटापुरतें वेतनहि न देतां त्यागाची अपेक्षा करणें न्याय्य नव्हे.

पालकांनीं नव्या शिक्षकाची पारख पहिल्याच महिन्यांत करूं नये. त्यास स्थिर होण्यास अवसर द्यावा. आणि विद्यार्थीमित्रहो, हा नियम तुमच्या वर्गासहि लागू आहे. या वर्षीं शाळेंत नव्यानें आलेला मुलगा एकटा बसलेला दिसला, तर त्यास आपल्याजवळ बोलावा, शाळेची रीत सांगा आणि एखादें लहानसें काम त्याच्या हातीं द्या. तुम्हांपैकीं जे उद्यां शिक्षक होतील, त्यांचें शिक्षण येथूनच सुरू होतें.