आठवणी बदलल्या, तर बाई तीच राहते का?

"तेव्हा शाळा सोडली नसती तर...", "त्या वर्षी जमीन विकली नसती तर..." असं बोलणं आपल्या बैठकीत नेहमीच निघतं. या 'जर-तर'वर काही लेखक अख्खी गोष्ट उभी करतात. एखादी घटना वेगळी घडली असं धरायचं आणि पुढे जग कसं बदललं असतं ते दाखवायचं. मराठीत जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही अशीच विज्ञानकथा लिहिली. पानिपतच्या १७६१ च्या लढाईत विश्वासराव गोळी लागून पडले नसते तर काय झालं असतं, असं तिचं सूत्र आहे.

आज आम्ही अशाच एका अमेरिकन टीव्ही मालिकेबद्दल सांगणार आहोत. तिचं नाव 'फ्रिंज'. २००८ ते २०१३ या काळात तिचे शंभर भाग झाले. एका भिंतीला लागून दोन घरं असावीत, तशी या मालिकेत दोन जगं आहेत. दोन्हीकडे माणसं तीच, पण आयुष्यं वेगळी. न्यूयॉर्कमधले जे जुळे मनोरे २००१ साली पडले, ते पलीकडच्या जगात अजून उभे आहेत.

मालिकेची नायिका ऑलिव्हिया ही तपास अधिकारी. अलीकडच्या जगात तिची आई वारलेली आहे, पण बहीण आहे. पलीकडच्या ऑलिव्हियाची आई आहे, पण बहीण बाळंतपणात गेली. चेहरा एकच, पण एकीने आई गमावली आणि दुसरीने बहीण. दोघींची कामं अॅना टॉर्व या एकाच नटीने केली आहेत.

गोष्टीत एकदा पलीकडचे अधिकारी आपल्या ऑलिव्हियाला कैद करतात. औषधं टोचून दुसरीच्या आठवणी तिच्या डोक्यात घालतात. हळूहळू ती स्वतःला पलीकडचीच समजू लागते. दुसरीचं घर तिला आपलं वाटतं, दुसरीची आई आपली वाटते. तरी आतून काहीतरी खटकत राहतं. शेवटी ती क्षणभर अलीकडच्या जगात येते आणि बहिणीच्या घरी फोन लावते. फोन भाची उचलते. त्या पोरीचा आवाज ऐकला आणि तिला कळलं, की आपण हिची मावशी आहोत.

आता पीटरचं ऐका. शास्त्रज्ञ वॉल्टरचा लहानगा मुलगा आजाराने गेला. पलीकडचा तसाच मुलगाही मरणाच्या दारात होता. त्याला वाचवायला वॉल्टर १९८५ साली पलीकडे गेला, त्याला घेऊन आला, पण परत पाठवू शकला नाही. पीटर ह्यालाच बाप समजून वाढला. मोठेपणी खरं कळल्यावर तो चिडून निघून गेला. माया खोटी नव्हती, पण त्याच्या आयुष्याचं सगळं त्याला न सांगता ठरलं होतं.

पुढे गोष्टीत काळच बदलतो. या नव्या काळात पीटर लहानपणीच वारलेला असतो, म्हणून ऑलिव्हियाला तो माहीतच नसतो. नीना नावाच्या बाईने तिला आणि तिच्या बहिणीला आईच्या मायेने वाढवलेलं असतं. मग मोठा पीटर अचानक परत येतो, आणि ऑलिव्हियाच्या मनात जुन्या काळातल्या, त्याच्या प्रेमाच्या आठवणी जाग्या होऊ लागतात. जसजशा त्या येतात, तसतशा तिच्या आताच्या आयुष्याच्या आठवणी पुसल्या जातात. हे होऊ द्यायचं की नाही? ती विचार करते आणि होऊ द्यायचं ठरवते. नीनाला ती ते समोर बसून सांगते.

दोन्ही वेळा एकाच बाईच्या आठवणी बदलल्या. मग पहिल्या वेळी आपल्याला राग येतो आणि दुसऱ्या वेळी का येत नाही? कारण पहिल्यांदा तिला कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा तिने स्वतः ठरवलं. मालिकेतून आम्हाला उमगलं ते हेच. माणूस बदलतो, त्यात वाईट काही नाही. पण तो बदल कुणी ठरवला, ह्यावर सगळं अवलंबून असतं.

हे काही फक्त परदेशातल्या मालिकेतलं नाही. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात. काहीजणींनी ते हौसेने घेतलं, त्यांना ते गोड वाटतं. काहीजणींना कुणी विचारलंच नाही, आणि माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मुलींना आधी सांगायला हवं. बदलायचं असेल तर आधार, पासबुक, जमिनीचे कागद, सगळीकडे एकच नाव ठेवा, म्हणजे पुढे खेटे पडत नाहीत.

पण नीनालाही विसरू नका. ऑलिव्हियाने आपल्या मर्जीने निवडलं, तरी त्याची किंमत नीनाने मोजली. तिने वाढवलेली लेक समोर उभी आहे, पण लेकीला ते बालपण आठवत नाही. आपल्या आठवणी एकट्या आपल्या नसतात. अर्ध्या आईपाशी, बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी ठेवलेल्या असतात. म्हणून निर्णय आपला असला, तरी तो ज्याला सोसावा लागणार त्याला आधी सांगावा. ऑलिव्हियाने तेवढं केलं.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत 'जर-तर' निघाला, तर नुसतं हळहळू नका. एकमेकींना विचारा: तेव्हा ते कुणी ठरवलं होतं? आणि आता लेकीच्या, सुनेच्या बाबतीत ठरवताना आपण तिला विचारतो का?