पक्षात राहून तो सुधारायचा, की आपला वेगळा पक्ष काढायचा?

मागच्या महिन्यात नाचणगावच्या आणि आसपासच्या गटांकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सभेला गर्दी करायला आम्ही, मतं द्यायला आम्ही, पण तिकीट वाटताना आमची आठवण नाही. मग त्याच पक्षात राहून भांडायचं, की बायांनी आपलं वेगळं काही उभं करायचं?" प्रश्न रास्त आहे. कोणत्या पक्षाला मत द्यायचं हे आम्ही सांगणार नाही. पण या दोन वाटांवरून आपल्या महाराष्ट्रात कोण कोण चाललं आणि त्यांना काय मिळालं, ते आज सांगतो.

आधी दोन्ही वाटा नीट समजून घेऊ. पहिली वाट मोठ्या पक्षात शिरायची. तिथं सभासद व्हायचं, पदं मिळवायची, आणि आतून धोरण बदलायचं. दुसरी वाट म्हणजे बाहेर पडून नवा पक्ष काढायचा. कागदावर नवा पक्ष काढणं फार अवघड नाही. किमान शंभर सभासद दाखवून निवडणूक आयोगाकडे नोंदणी करता येते. अवघड आहे ते निवडून येणं.

ते अवघड का, हे एका हिशोबावरून कळेल. समजा एका गणात हजार मतं पडली. एका उमेदवाराला चारशे, दुसऱ्याला साडेतीनशे आणि तिसऱ्याला अडीचशे. निवडून कोण येतो? चारशेवाला. म्हणजे सहाशे लोकांना तो नको होता, तरी तोच येतो. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मतं ज्याची, त्याचीच जागा. बाकीच्यांची मतं जागेत बदलत नाहीत. तिसऱ्याची अडीचशे मतं दुसऱ्याच्या वाट्याची असतील, तर तिसऱ्याच्या उभं राहण्याचा फायदा पहिल्यालाच होतो.

हे खरंच घडलेलं आहे. १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हाच्या मुंबई राज्यात विधानसभेच्या ३१५ जागा होत्या. काँग्रेसला साधारण निम्मी मतं मिळाली, पण जागा मिळाल्या २६९. समाजवादी पक्षाला शंभरात जवळपास बारा मतं मिळाली आणि जागा फक्त ९. शेतकरी कामगार पक्षाला शंभरात सहा-साडेसहा मतं आणि जागा १४. समाजवाद्यांची मतं जास्त असून जागा कमी, कारण ती सगळीकडे विखुरलेली होती. शेकापची मतं काही ठरावीक भागांत एकवटलेली होती. नव्या पक्षासाठी पहिला धडा इथंच आहे. सगळीकडे थोडं थोडं असण्यापेक्षा एका भागात घट्ट असणं कामाला येतं. सांगोल्यातून शेकापचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, ते याच बळावर.

आता हा शेकाप निघाला कसा, ते ऐका. आपल्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही बहुजन समाजातली मोठी माणसं काँग्रेसमध्येच होती. पक्ष शेटजींच्या आणि वरच्या लोकांच्या हातात जातोय, कुळांचा, शेतकऱ्यांचा, कामगारांचा आवाज दबतोय, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आधी बाहेरची वाट धरली नाही. काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला. समाजवाद्यांनीही १९३४ पासून तसंच केलं होतं. काँग्रेसमध्ये राहून त्यांचा काँग्रेस समाजवादी पक्ष चालत होता. पण १९४८ मध्ये काँग्रेसने नियम केला की पक्षाच्या पोटात दुसरा संघटित पक्ष चालणार नाही. त्याच वर्षी नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी बाहेर पडले. शेतकरी कामगारवाल्यांचाही वेगळा पक्ष उभा राहिला.

त्या वेळी सगळेच बाहेर पडले नाहीत. यशवंतराव चव्हाणही शेतकरी घरातले. पण त्यांनी ठरवलं की काँग्रेसमध्ये राहूनच काम करायचं. पुढं काय झालं? जेधे काही वर्षांनी काँग्रेसमध्ये परतले, मोरेही परतले. चव्हाण १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात १९६१ साली जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला आणि त्याच साली जिल्हा परिषद व पंचायत समितीचाही कायदा झाला. आज आपण देवळीच्या पंचायत समितीत कामासाठी जातो, तिची सुरुवात तिथली.

मग आत राहिलेलेच शहाणे, असं म्हणायचं का? एवढी घाई करू नका. चव्हाण मुख्यमंत्री झाले तो महाराष्ट्र मिळाला कसा, हेही पाहायला हवं. दिल्ली मुंबईसह महाराष्ट्र द्यायला तयार नव्हती. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तिच्यात शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, असे सगळे बाहेरचे एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत एकमेकांची मतं न फोडता ते लढले आणि काँग्रेसला मोठा फटका बसला. त्यानंतर तीन वर्षांत महाराष्ट्र राज्य झालं. बाहेरच्यांनी जोर लावला म्हणून आतल्यांचं म्हणणं वर ऐकलं गेलं. हा दुसरा धडा.

रोजगार हमीची गोष्टही तशीच आहे, आणि ती आपल्या जास्त जवळची. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं, त्यांत बाया मोठ्या संख्येनं, खडी फोडायला आणि बांध घालायला गेल्या. कामाच्या हक्काची ही कल्पना लावून धरणारे वि. स. पागे काँग्रेसचेच होते. पण त्याच वेळी काम द्या, रेशन द्या, महागाई थांबवा म्हणत विरोधी पक्षांचे मोर्चे निघत होते. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. १९७७ मध्ये विधिमंडळात कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी, हे त्यात होतं. एकट्या पाग्यांनी किंवा एकट्या मोर्च्यांनी हे झालं नसतं.

तिसऱ्या पक्षाचं मोल फक्त जागांवर मोजू नये, हे सांगायला आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं. त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये नागपूरलाच रिपब्लिकन पक्ष झाला. सत्ता या पक्षांकडे कधी मोठी आली नाही, आणि पुढं रिपब्लिकन पक्षाचे गटही पडले. तरी ज्या माणसाला मोठ्या पक्षाच्या बैठकीत बसायलाही जागा नव्हती, तो स्वतःच्या पक्षाच्या मंचावर अध्यक्ष म्हणून बसला. ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या दोन बाया पाहू. पहिल्या प्रभा राव. आपल्या पुलगाव मतदारसंघाच्या त्या आमदार होत्या. मोठ्या पक्षातच राहिल्या. राज्यात मंत्री झाल्या, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, १९९९ मध्ये वर्ध्याच्या खासदार झाल्या आणि २००८ मध्ये हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल. आत राहून एक बाई कुठपर्यंत जाऊ शकते, ते त्यांच्याकडे पाहून कळतं. पण त्यांच्या मागोमाग किती बाया वर गेल्या, हाही प्रश्न विचारायला हवा. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी जेमतेम २१ बाया निवडून आल्या.

दुसऱ्या सरोज काशीकर. त्या शेतकरी संघटनेच्या. संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झालं. जमीन बायकोच्या नावे करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम याच संघटनेची. १९९० मध्ये संघटनेने स्वतःचा पक्ष न काढता जनता दलाच्या चिन्हावर माणसं उभी केली, आणि काशीकर आपल्या जिल्ह्यातून आमदार झाल्या. पुढं १९९४ मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्याला निवडणुकीत फारसं यश आलं नाही. ज्या हाकेला कापसाच्या भावासाठी हजारो माणसं रस्त्यावर बसत होती, त्याच माणसांनी मत देताना दुसरा विचार केला. आंदोलनाची गर्दी म्हणजे मतपेटी नव्हे, हा तिसरा धडा.

बायांच्या स्वतःच्या पॅनलचंही उदाहरण आहे, आणि ते लांबचं नाही. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा, आणि जळगाव जिल्ह्यात विटनेर. या गावांत १९८९ च्या सुमारास पूर्ण बायांची पॅनलं निवडून आली. तेव्हा पन्नास टक्के आरक्षण नव्हतं, ते आपल्या राज्यात २०११ मध्ये आलं. गावात हे जमतं याला कारण आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, वॉर्ड लहान असतो, आणि मतदार आपल्याला नावानं ओळखतो. जिल्हा परिषदेला तसं नसतं. तिथं एबी फॉर्म लागतो, आणि तो कुणाला द्यायचा हे पक्ष ठरवतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की सगळ्या निवडणुकांना एकच वाट लागू पडत नाही. गावात आपलं पॅनल उभं करणं शक्य आहे. जिल्ह्यात आणि राज्यात पक्षाशी बोलावंच लागतं. पण बोलताना एकेकटीनं जाऊ नये. एकटी गेली की तिला साडी आणि खुर्ची मिळते. वीस गटांच्या बाया मिळून गेल्या तर लेखी उत्तर मागता येतं.

मोठ्या पक्षात जाणार असाल तर आधी चार गोष्टी विचारा. तिकीट ठरवणाऱ्या बैठकीत बाया किती असतात? राखीव नसलेल्या जागेवर बाईला तिकीट दिलं आहे का? महिला आघाडीला स्वतःचा निधी आहे का? निवडून आल्यावर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर काय होईल? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आमदार-खासदारांसाठी १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडला तर सदस्यपद जाऊ शकतं. म्हणजे आतून भांडायचं ते बहुतेक तिकिटाच्या आधी आणि बैठकीत. सभागृहात हात वर करताना फार मोकळीक राहत नाही.

वेगळं उभं राहणार असाल तर हे विचारा. आपली मतं एका ठिकाणी आहेत की विखुरलेली? आपण उभ्या राहिल्यामुळे निवडून कोण येईल? एकदा हरलो तर पाच वर्षं टिकायची तयारी आहे का? आणि निवडून आलो तर कोणाबरोबर बसायचं, हे आधी ठरलंय का?

एक पथ्य मात्र दोन्ही वाटांवर पाळा. बचत गट कोणत्याच पक्षाचा करू नका. गटात सगळ्या पक्षांच्या घरच्या बाया असतात. गटाचे पैसे, गटाची वही, गटाची बैठक पक्षाच्या कामाला वापरली की आधी विश्वास जातो, मग परतफेड थांबते. पक्षाची सभासद व्हायचं तर प्रत्येकीनं आपल्या नावानं व्हावं. मागण्या मात्र ग्रामसंघानं मिळून ठरवाव्यात, आणि त्याच मागण्या दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षासमोर ठेवाव्यात.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावाच्या तीन मागण्या कागदावर लिहा. त्या मिळवायला आत जावं लागेल की बाहेर राहून जोर लावावा लागेल, हे एकेका मागणीपुढं लिहा. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात ते वाचून दाखवू. नमस्कार.