बातमी आपल्या गावची

वर्तमानपत्र उघडले की दूरदूरच्या देशांतील घडामोडी आपल्यासमोर उभ्या राहतात. कोठे भूकंप झाला, कोठे निवडणूक झाली, कोणत्या संघाने सामना जिंकला, हे सारे आपणांस घरबसल्या कळते. परंतु आपल्याच गावची विहीर आटली, शाळेचे छप्पर गळू लागले किंवा पलीकडच्या वाडीतील मजुरांची मजुरी कित्येक महिने थकली, तर ती वार्ता त्या पानांवर क्वचितच आढळते. असे का व्हावे?

याचे कारण असे की, वर्तमानपत्रे मुख्यतः शहरांत जन्मली आणि शहरांतच वाढली. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली मुंबईत सुरू केले. पुढेही छापखाने आणि वाचक बहुधा शहरांतच एकवटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुकुंदराव पाटील यांनी नेवासे तालुक्यातील तरवडी या लहानशा खेड्यातून ‘दीनमित्र’ हे पत्र चालवले. पण अशी उदाहरणे थोडी. शहरातला बातमीदार खेड्यात येतो तो पूर आला म्हणजे, किंवा एखादा पुढारी आला म्हणजे. दोन घटका थांबून तो परत जातो. गावात राहणाऱ्या माणसाला मात्र गावचे सुखदुःख रोज दिसत असते. मग गावच्या माणसांनीच बातमीदार का होऊ नये?

हाच प्रश्न उत्तर प्रदेशातील काही स्त्रियांनी आपल्या कामाने सोडवून दाखवला. चित्रकूट हे नाव रामायणामुळे आपल्या परिचयाचे आहे. त्याच नावाचा जिल्हा बुंदेलखंडात आहे. तेथील बरीचशी भूमी खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि पाण्याचे दुर्भिक्ष नेहमीचे. हा प्रदेश पूर्वी बांदा जिल्ह्यात मोडत असे. १९९० च्या सुमारास तेथील खेड्यांतील स्त्रियांना ‘महिला समाख्या’ या सरकारी कार्यक्रमातून हातपंप दुरुस्त करावयास शिकवण्यात आले. त्यांच्यातील पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. हाती पाना आला, तशी हाती लेखणीही यावी, ही इच्छा त्यांच्या मनात बळावली. त्या लिहावयास शिकल्या आणि या नवसाक्षर स्त्रियांनी ‘महिला डाकिया’ नावाचे एक पत्रक काढले.

ते पत्रक पुढे बंद पडले. परंतु लागलेली गोडी गेली नाही. २००२ च्या मे महिन्यात दिल्लीच्या ‘निरंतर’ या संस्थेच्या साहाय्याने चित्रकूटमध्ये ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झाले. खबर लहरिया म्हणजे बातम्यांच्या लहरी. त्याची भाषा होती बुंदेली, म्हणजे त्या लोकांची घरातली बोली. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि गावोगाव फिरून अंक विकणाऱ्या सर्व स्त्रियाच होत्या. त्यांतील बऱ्याचजणी दलित, आदिवासी व इतर उपेक्षित समाजांतल्या होत्या. काहींचे शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नव्हते.

कोणी म्हणेल, आपल्या गावची बातमी द्यावयास शिक्षण कशाला हवे? डोळे उघडे असले म्हणजे झाले! परंतु पाहणे आणि बातमी देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तीवरचा हातपंप बिघडला आहे. पाराखाली बसलेली मंडळी म्हणतात, “हा पंप कधीचाच बंद आहे. आमच्याकडे लक्ष देतो कोण?” हे बोलणे खरे असेल, पण ही बातमी नव्हे, ही तक्रार झाली. शिकलेला बातमीदार प्रथम पंपाजवळ जातो आणि तो स्वतः चालवून पाहतो. पंप कोणत्या तारखेला बंद पडला, त्यावर किती घरे अवलंबून आहेत, आता पाणी कोठून आणावे लागते आणि त्यास किती वेळ लागतो, हे तो एकाला नव्हे, तर चारचौघांना विचारतो. अर्ज दिला असल्यास त्याची तारीख पाहतो. मग तो कचेरीत जातो आणि संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणेही लिहून घेतो. एवढे झाल्यावर त्या तक्रारीची बातमी होते. तक्रारीकडे दुर्लक्ष करता येते. पण तारीख, आकडा आणि साक्ष असलेल्या बातमीकडे डोळेझाक करणे कठीण जाते.

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, आणि खऱ्याखोट्यातही तेवढेच असते, असे आपली जुनी माणसे सांगतात. ऐकलेले पारखून घेणे हा या शिक्षणाचा पहिला धडा होय. दुसरा धडा याहून अवघड आहे. परगावचा बातमीदार बातमी देऊन निघून जातो. गावच्या बातमीदाराला मात्र त्याच आळीत राहावयाचे असते. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे तो कदाचित आपला शेजारी असतो, नातलग असतो किंवा गावातील बडे प्रस्थ असते. अशा वेळी भीतीने गप्प बसावे, की ममतेने दोष झाकावा, की जुन्या भांडणाचा सूड उगवावा, असे तीन मोह समोर उभे राहतात. तिन्ही बाजूला सारून दोन्ही पक्षांचे म्हणणे सारख्याच काळजीने मांडणे, हेच बातमीदाराचे व्रत. घरादाराचा विरोध आणि लोकांची हेटाळणी सोसून चित्रकूटच्या स्त्रियांनी हे व्रत पाळले. त्यांच्या कामाची दखल दूरवर घेतली गेली. २००४ साली त्यांना पत्रकारितेतील चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला आणि २००९ साली युनेस्कोने साक्षरतेसाठी दिला जाणारा किंग सेजोंग पुरस्कार दिला. पुढे छापील अंकांची जागा मोबाइलवरील चित्रफितींनी घेतली. साधन बदलले, पण जागेवर जाऊन पाहावे आणि विचारून लिहावे, ही रीत बदलली नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? त्यावरही मार्ग निघाला. छत्तीसगडच्या वनभागात गोंडी बोलणारे अनेक आदिवासी राहतात. आपल्या गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतही ही भाषा बोलली जाते. २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी तेथे ‘सीजीनेट स्वरा’ हा उपक्रम सुरू केला. गावकऱ्याने ठरलेल्या क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि आपली बातमी आपल्याच बोलीत सांगावी. ती ध्वनिमुद्रित होते. जाणकार मंडळी तिची शहानिशा करतात आणि मग ती इतरांना दूरध्वनीवरूनच ऐकता येते. बातमी कशी सांगावी, हे शिकवण्यासाठी गावोगावच्या लोकांची शिबिरेही घेण्यात आली. थकलेली मजुरी, न मिळालेले शिधान्य, बंद पडलेला हातपंप अशा गोष्टी या मार्गाने अधिकाऱ्यांच्या कानी गेल्या आणि त्यांतील काहींचे निवारणही झाले.

मुलांनो, या दोन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. ज्या वस्तीची बातमी कोणी देत नाही, तिचे दुःख जणू नसल्यासारखेच होते. ते सांगण्यास त्या वस्तीतील माणसाहून अधिक जवळचा साक्षीदार कोण मिळणार? मात्र केवळ जवळ असून भागत नाही. साक्ष खरी असावी लागते. आज अनेकांच्या हाती मोबाइल आहे आणि एखादी वावडी क्षणार्धात गावभर पसरू शकते. म्हणून हे शिक्षण पूर्वीपेक्षा आज अधिक आवश्यक झाले आहे.

तुम्हांलाही याचा आरंभ करता येईल. शाळेच्या फळ्यावर किंवा भित्तिपत्रकावर आठवड्यातून एकदा आपल्या आळीची एक बातमी लिहा. काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या बाबतीत, कसे आणि का, या सहा प्रश्नांची उत्तरे तीत असू द्या. ज्याच्याविषयी लिहाल त्याला आधी विचारा. नळाला पाणी किती वाजता आले, एवढी साधी बातमी असली तरी चालेल. पण ते पाणी तुम्ही स्वतः पाहिलेले असावे.